हिरव्या चिखलाचा संशय

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की शेवंतामावशी त्यात रुतलेल्या खायच्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, काढायला उतरतात. त्यांचं घर त्यावरच चालतं. यंदा चिखलावर शेवाळाची जाड साय आली आहे. पुलावरून बघत माझी बायको म्हणाली, "किती छान, लॉन टाकल्यासारखं!" मला त्या हिरवेपणाचा संशय येतो. आमच्या वसाहतीचं सांडपाणी आणि वरच्या बागांचं खत याच खाडीत उतरतं. ते फुकटचं खाऊन शेवाळ माजलं आहे.

शेवाळ हवेतला कर्ब ओढून घेतं, म्हणजे फायदाच, असं कुणीही म्हणेल. पण हा अर्धाच हिशेब झाला. मेलेलं शेवाळ कुजताना चिखलातला प्राणवायू संपवतं, आणि गाळात वर्षानुवर्षं निपचित पडलेला पालापाचोळाही त्याच्या संगतीने कुजू लागतो आणि त्यातला कर्ब पुन्हा हवेत सुटतो. कर्बाचा साठा वाढतोय का गळती, हे वरून दिसत नाही.

मावशींनी पाय रोवला तिथून बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला. हाताला लागल्या त्या उघड्या, रिकाम्या शिंपल्या.

"मेल्या की काय सगळ्या?" मी वरून विचारलं.

"नाय वो भाऊ! खाली गेल्या असतील, खोल."

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आला तेव्हा तो काळाकुट्ट होता आणि मुठीत काहीच नव्हतं. "पुढं बघते," म्हणत त्या आणखी आत निघाल्या, जिथे शेवाळ सगळ्यात हिरवं होतं.