अंगठा बाजूला

दोन जुने ड्रायव्हर एकत्र बसले की आधी गुडघ्यांची चौकशी होते आणि मग किस्से निघतात. सांगायचे म्हणून कोणी जमवत नाही ते. मनगटात एक असतो, खांद्यात एक, कमरेत तर दोन-तीन असतात. हवा बदलली की दुखायला लागतात आणि आठवायलाही लागतात. माझी कंबर आज सकाळपासून बोलतेय, तेव्हा ऐका.

जर्मनच्या लढाईच्या आधीपासून आम्ही तिघं नंदुरबारला एका जिनिंगवाल्या शेटच्या लॉऱ्यांवर होतो. शिवराम बापू, हसनभाई आणि मी. शहादा-तळोद्याकडचा कापूस भरायचा, तापी ओलांडायची, माल सरकी काढायला शेटच्या जिनात टाकायचा. बापू आमच्यात सगळ्यात जुने. मूळचे कळसाडीचे, पण जमीन भावांकडे राहिली आणि बापू स्टेअरिंगवर आले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

* * *

आमच्यात दुखण्यांना अवयवांची नावं नव्हती, लॉरीची होती. डावा गुडघा म्हणजे क्लच. उजवा खांदा म्हणजे स्टेअरिंग. मनगट म्हणजे हँडल. "आज क्लच कसा शे?" असं विचारलं की समोरचा स्वतःच्या गुडघ्याकडे बघायचा.

तर हसनभाईंचा डावा गुडघा सुजला. तळोद्याच्या डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? हसनभाई म्हणाले, क्लच दाबला जात नाही. डॉक्टर मिस्कील होते. त्यांनी तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, सकाळ-संध्याकाळ क्लचला चोळा.

आठ दिवसांनी हसनभाई रिकामी बाटली घेऊन हजर! गुडघ्याची सूज बरीच उतरलेली. डॉक्टर खूश झाले, विचारलं, नीट चोळलंत ना? हसनभाई म्हणाले, "रोज चोळं. आते पेडल एकदम हलकं चाली ऱ्हायनं."

सगळं तेल त्यांनी लॉरीच्या पेडलला पाजलं होतं. आम्ही हसलो, पण त्या पेडलसाठी आम्ही वर्षभर शेटकडे रडत होतो, ते कोणालाच ऐकू गेलं नव्हतं.

* * *

बापूंकडे कोणी नवा माणूस शिकायला आला, की आधी स्टेअरिंग नाही, गिअर नाही. आधी अंगठा.

तेव्हा लॉरी पुढून हँडल मारून सुरू करायची. आपण हँडल सहज मुठीत धरतो, चार बोटं एकीकडून आणि अंगठा दुसरीकडून. तसं धरलं आणि इंजिनानं उलटा झटका दिला की अंगठा गेलाच. म्हणून अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा बापू एवढंच बोलले, "अंगठा बाजूले ठेव. बाकीनं आपोआप शिकशी."

ती सवय इतकी हाडात गेली की बापू तांब्याही तसाच धरायचे. कुऱ्हाड तशीच, छत्री तशीच. वहिनी वैतागून म्हणायच्या की घरातली निम्मी भांडी या माणसाच्या अंगठ्यानं चेपली. एकदा दुधाचं पातेलं निसटलं, सगळ्या चुलीत दूध. बापूंनी शांतपणे उजवा अंगठा वर करून बघितला. तो जागेवर होता. मग म्हणाले, पातेलं काय, दुसरं मिळतं.

* * *

रनाळ्याला शेटच्या ओळखीतल्या घरी लग्न होतं. आम्हा तिघांना पंगतीला बोलावलं. आता आमची पंचाईत अशी की मांडी घालून बसणं आमच्यानं होत नसे. आम्ही लॉरीच्या पायरीवर बसून जेवणारी माणसं. पण यजमान हाताला धरून ओढायला लागले, नाही म्हटलं तर अपमान. हसनभाई आणि मी वाढायला लागलो आणि सुटलो. बापू बसले.

वरण-बट्टीचं जेवण. पंगत आटोपत आली, लोक हात आवरून बसले, कारण शेवटचा जेवल्याशिवाय उठायचं नाही. आणि बापू म्हणाले, "आखो एक बट्टी वाढ."

वाढली. ती संपली. आणखी एक. मग आणखी एक. लोक कौतुकानं बघायला लागले. यजमानीणबाई स्वतः तूप घेऊन आल्या. मी पुढची बट्टी घेऊन वाकलो तेव्हा बापू कानात पुटपुटले, "मन्हा पाय उठत नही."

शेट समोरच बसले होते. त्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी लॉरी दुसऱ्याच्या हातात गेली असती. मग हसनभाईंनी मोठ्यानं चेष्टा सुरू केली की आता या भीमाला दोघांनी उचलल्याशिवाय हा उठायचा नाही. आम्ही बगलेत हात घालून उचललं, सगळी पंगत हसली, शेटही हसले. त्या दिवसापासून रनाळ्यात बापूंचं नाव खादाड पडलं. लॉरीच्या आडोशाला गेल्यावर त्यांना भडाभडा उलटी झाली.

* * *

लढाई लागली आणि पेट्रोल मिळेना. लॉरीच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवली. आधी भट्टी पेटवायची, मग पाव तास हातानं पंखा फिरवायचा आणि मग हँडल मारायचं. वर तापीच्या वाळूत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरून चाकं काढायची ते वेगळंच. बापूंचा उजवा खांदा त्या दोन वर्षांत संपला. हात वर करून टोपी घालता येईना, तर ते टोपी भिंतीवरच्या खुंटीला लावायचे आणि खाली वाकून डोकं तिच्यात घालायचे. मी हे स्वतः बघितलंय आणि मला हसू आलं होतं, याची आज लाज वाटते.

आमच्या शेटची एक रीत होती. दसऱ्याला लॉऱ्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या आणि ज्यानं त्यानं आपली लॉरी शेटसमोर स्वतः हँडल मारून सुरू करायची. ज्याची सुरू होईल तोच पुढच्या दसऱ्यापर्यंत तिच्यावर.

खांदा गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही बापूंच्या लॉरीच्या रेडिएटरमध्ये आधीच कडकडीत पाणी ओतून इंजिन गरम ठेवलं. एका झटक्यात सुरू! दुसऱ्या वर्षी लॉरी उतारावर लावली, हसनभाईंनी मागून चाकाखालचा दगड काढला आणि घरंगळत गिअरमध्येच ती सुरू झाली. बापूंनी हँडलला हात लावून नुसतं सोंग केलं. शेट म्हणाले, म्हातारा अजून पक्का आहे.

तिसऱ्या वर्षी शेटकडे पाहुणे आले होते. पूजा जिनाच्या सपाट अंगणात ठेवली. उतार नाही, आणि पाहुण्यांसमोर गरम पाण्याची बादली न्यायची कशी?

बापू पुढे झाले. चार बोटं हँडलवर, अंगठा बाजूला. पहिला झटका अर्धाच गेला. दुसरा त्याहून कमी. तिसऱ्या वेळी हँडल हललंच नाही, बापूच हलले. मी पुढे धावलो तर म्हणाले, "हात नको लावू." शेटनी तोंड फिरवून पाहुण्यांना पेढे दिले.

* * *

दोन दिवसांनी मुनीमजींनी बापूंना बोलावलं. सोबत मी गेलो. कागद तयार होता. प्रकृती साथ देत नाही म्हणून राजीखुशीनं लॉरी सोडत आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मुनीमजींनी दोनदा वाचून दाखवलं. भला माणूस, वाचताना वर बघत नव्हता.

बापूंना सही येत नव्हती. त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. बोटं चारी वाकडी झालेली, मनगटाला गाठ. अंगठा मात्र सरळ, कुठे ओरखडाही नाही. तो त्यांनी शाईच्या डबीकडे नेला.

मुनीमजी हळूच म्हणाले, "हा नाही बापू. पुरुषांचा डावा घेतात."

बापूंनी डाव्या हातानं तो उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. मग मला विचारलं, "मंग मी इतला वरीस उजवा कसाले वाचाडा?"