आत्याची उंच मोरी

आत्याला कुणी वाकायला सांगितलं की ती आधी ताठ उभी राहायची. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात तिने उभा जन्म चादरी धुतल्या, लग्नाला साफ नकार दिला आणि भावाच्या संसाराला हातभार लावत त्याच्याच घरात राहिली. भाऊ गेल्यावर पुतण्याने घर नव्याने बांधायला काढलं. आत्यासाठी त्याने बागेच्या टोकाला एक सुरेख खोली उठवली. मोठी खिडकी, कपाट, पंखा, भिंतींना फिकट पिवळा रंग. आत्याने आत पाऊल टाकलं, चारी कोपरे न्याहाळले आणि विचारलं, "मोरी कुठंय?"

पुतण्या आणि सूनबाई एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"अहो आत्या, घरात एवढी बाथरूम आहेत," सूनबाई म्हणाली. "कधीही या तुम्ही. बेल वाजवायची फक्त."

"म्हणजे मला घाई लागली की मी बेल वाजवायची, तू दार उघडायचंस आणि पाहुणे बसले असले की मी त्यांच्या समोरून चोरासारखं आत जायचं," आत्या म्हणाली. "मोरी नसलेल्या खोलीत माणूस राहत नाही बाई, सामान राहतं."

सूनबाई वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. आपण आत्यांसाठी पुष्कळ केलं असं तिला मनापासून वाटत होतं. पण चांगली माणसं उपकार करायला लागली की समोरच्याने नुसती मान डोलवायची असते, आणि आत्याची मान त्या कामाची नव्हती. तिने दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला.

प्लंबर बोलघेवडा होता. त्याने बागेला दोन चकरा मारल्या आणि डोकं खाजवलं. बाग घरापासून खाली उतरत गेलेली. सांडपाण्याचं चेंबर वर, घराला चिकटून, आणि खोली पार खाली.

"आजी, पाणी काही जिना चढत नाही," तो म्हणाला. "शोषखड्डा करावा तर हातभर खणलं की कातळ. पंप बसवता येईल, पण वीज गेली की पंप बंद."

"मग वीज येईपर्यंत मी काय देवाचं नाव घेत बसू?"

"मग आता संडास झाडावर बांधायचा राहिला," प्लंबर हसत म्हणाला.

आत्या हसली नाही. "झाडावर नको. चौथऱ्यावर बांध. किती उंच लागेल?"

प्लंबरचं हसू मिशीतच राहिलं. त्याने पुन्हा माप घेतलं. पुरुषभर उंच चौथरा बांधला आणि तिथून पाइप कुंपणाच्या भिंतीवरून नेला, तर चेंबरपर्यंत ढाळ मिळत होता. वर जायला पायऱ्या लागणार होत्या.

पुतण्याने हे ऐकलं आणि त्याचा पारा चढला. "आत्या, गुडघे बघ तुझे. आणि आमच्या दिवाणखान्यातून काय दिसणार, तुझा संडास?"

"गुडघे माझे, खर्चही माझा. खिडकी तुझी आहे, तिला पडदा लाव."

"ठीक आहे. पण पाणी चेंबरपर्यंत पोचलं नाही, तर मुकाट्याने स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायचं. मग पुन्हा कटकट नको."

ती खोली म्हणजे कोठी. दिवसभर कुणी ना कुणी कांदे-बटाटे काढायला आत शिरणार, आणि आत्याने पदर सावरत बसायचं. तरी ती म्हणाली, "कबूल."

चौथरा झाला, त्यावर मोरी आणि संडास झाला, पायऱ्यांना लोखंडी कठडा लागला. शेजारी कुंपणावरून डोकावून गेले. कुणी म्हणालं म्हातारी हट्टाला पेटलीय, कुणी म्हणालं पहारा द्यायला मचाण बांधलंय. आत्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून रोज पायऱ्यांची चढउतार करून बघत होती. गुडघे कुरकुरायचे, ती त्यांनाही दाद देत नव्हती.

परीक्षेच्या सकाळी पुतण्या चेंबरचं झाकण उघडून बसला. आत्याने वर बादली ओतली. पाणी गडगडत गेलं, आणि चेंबर कोरडं ते कोरडंच. दुसरी ओतली. काही नाही. प्लंबर घामाघूम होऊन पाइपला कान लावत धावत होता.

"राहू दे आता, आत्या," पुतण्या म्हणाला. आवाजात विजय नव्हता, कीव होती, आणि तीच तिला झोंबली. सूनबाई कोठी आवरायला वळलीसुद्धा.

"नळ बंद करू नकोस," नळाकडे वळलेल्या प्लंबरवर आत्या ओरडली. "भर बादली."

बादलीमागून बादली ती ओतत राहिली. हात भरून आले, पदर चिंब झाला. पुतण्या वैतागून चेंबरमध्ये वाकला आणि पाइपच्या तोंडाशी डोळा नेला. त्याच क्षणी सिमेंटच्या गोणीचा एक बोळा फट्कन बाहेर उडाला आणि मागून सगळं साठलेलं पाणी त्याच्या तोंडावर आलं. नशीब, पाणी स्वच्छ होतं. पाइपात माती जाऊ नये म्हणून प्लंबरनेच तो बोळा कोंबला होता आणि स्वतःच विसरला होता. आता तो कुणाकडेच बघत नव्हता.

आत्या कठडा धरून उभी राहिली. मग तिने रिकामी बादली पालथी घातली आणि ओला पदर पिळला. कोठी आवरायची राहिली.

संध्याकाळी ती वर जाऊन मनसोक्त न्हाली आणि खोलीत येऊन केस विंचरत बसली. पुतण्या आला. सवयीने त्याने दार ढकललं. आतून कडी होती. मग त्याने टकटक केली.

आजवर आत्याची खाट पॅसेजमध्ये असायची, येणारा-जाणारा तिच्या पायाला लागून पुढे जायचा. तिच्यासाठी कुणी कधी टकटक केली नव्हती. पुतण्याची चाहूल तिला तो रांगत होता तेव्हापासून ओळखू यायची. तरी तिने विचारलं, "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"आत्या, मी. येऊ का आत?"

"थांब जरा," आत्या म्हणाली आणि सावकाश वेणी घालायला लागली.