झेंड्याचा मान

माझी बायको व्हिएतनामची. तिकडे शिकायला गेलो तेव्हा ओळख झाली आणि लग्नानंतर आम्ही बुलडाण्यात राहायला आलो. पहिल्या पंधरा ऑगस्टला तिला घेऊन मायकडे, देऊळघाटच्या पुढे आमच्या गावी गेलो. त्या वर्षी शाळेचा झेंडा माय फडकवणार होती. तिने त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. सकाळी तिच्या पांढऱ्या लुगड्याच्या निऱ्या बायकोनेच नीट केल्या.

शाळेत सगळे बायकोकडेच पाहत होते. माय चपला काढून रांगोळीपाशी गेली, तेवढ्यात मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले.

"सर, फॉरेनच्या पाहुण्या गावात आल्या. त्यांच्याच हातानं होऊ द्या. पेपरात फोटो येईल." मग मायला म्हणाले, "मावशी, तुमचं पुढच्या वर्षी करू, काय?"

"हाव, होऊ द्या. सून माहीच हाय," माय हसली आणि चपला घालून बायांमध्ये जाऊन उभी राहिली.

एक जण बोललीच, "काऊन वो, एवढं इस्तरीचं लुगडं वाया गेलं!"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मी आतून फुलून गेलो होतो. बायकोला इंग्रजीत सांगितलं, "झेंडा तू फडकवावास अशी गावाची इच्छा आहे."

"आणि आई?"

"आईची हरकत नाही."

ती बायांकडे बघत राहिली. मग मुख्याध्यापकांना हात जोडून तुटक मराठीत म्हणाली, "माझा झेंडा दुसरा आहे. मी उभी राहीन. हा आईचा."

माय यायलाच तयार होईना. शेवटी बायांनी तिला ढकलत आणलं. तिने दोरी ओढली, पाकळ्या तिच्या डोक्यावर पडल्या. राष्ट्रगीताला बायको हात सरळ ठेवून, ओठ मिटून उभी होती. मी मोठ्याने म्हणत होतो आणि माझाच आवाज मला ऐकवत नव्हता.

परत जाताना माय मध्येच थांबली.

"थे आपल्या मनानं नसन बोलली. तूच सांगतलं असन ना तिले, मायचा मान हाय म्हणून?"

बायको माझ्याकडे पाहत होती.

"हाव," मी म्हणालो.

माय माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.