वजन किती, म्याडम?

पहिल्याच भेटीत रज्जाकचाचांनी मला माझं वजन विचारलं. तेही पांढरकवड्याच्या भर रस्त्यावर, शेजारच्या चहाच्या टपरीवरची पाच-सहा माणसं ऐकत असताना. मी मोटारसायकलमध्ये हवा भरायला थांबले होते. ते मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि वर न बघता म्हणाले, “वजन किती, म्याडम?”

“गाडीचं?”

“गाडीचं मले माहीत हाय. तुमचं.”

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. झरीकडची अठ्ठावीस गावं माझ्याकडे आहेत आणि दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं घेऊन लिहून ठेवणं हेच माझं काम आहे. माझं वजन मात्र तोवर कोणी असं विचारलं नव्हतं. मी आवाज खाली आणून चौसष्ट सांगितलं.

“आन् मांगच्या पेटीत?”

“वजनकाटा आणि रजिस्टरं. बारा किलो.”

“म्हंजे शहात्तर. पुढं पंचवीस पौंड, मांगं तीस.” एवढं बोलून त्यांनी टायरला तळहात लावला आणि हवेची नळी खाली ठेवली. “गरम हाय. अर्धा घंटा बसा.”

मला अकरा वाजता मीटिंग होती. तसं मी सांगितलं.

“मंग मीटिंग करून या,” ते म्हणाले. “गरम टायरचा आकडा खोटा असते. खोट्या आकड्यावर मी हवा भरत नाई.” मी बसले आणि मीटिंग गेली.

बारीक अंगाचे, साठी ओलांडलेले, पांढरी आखूड दाढी, गळ्यात दोरीने अडकवलेला हवेचा मीटर. दुकान म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक टाकी आणि भिंतीला टांगलेले टायर. गाडी कोणाचीही असो, प्रश्न ठरलेले. वजन किती, मागे कोण बसतं, ओझं काय, रस्ता कोणता. उत्तर आल्याशिवाय नळी लागत नसे. लोक चिडायचे, हसायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे.

आधी माझ्याकडे स्कूटर होती. तिची लहान चाकं माझ्या बीटमधल्या गावांच्या रस्त्यांवर दोन वर्षांत बसली, म्हणून मी भावाची जुनी मोटारसायकल घेतली. पहिल्याच पावसाळ्यात एका वळणावर पुढचं चाक निसटलं आणि मी गुडघ्यावर आपटले. कार्यालयात साहेब काळजीने म्हणाले, “मॅडम, तुम्ही आता टेबलाचं काम घ्या.” टेबलाचं काम म्हणजे अठ्ठावीस गावं दुसऱ्याकडे. मी लंगडत चाचांकडे गेले. गाडी विकावी का, हेच विचारायला.

चाचांनी पुढच्या टायरवरून अंगठा फिरवला. “गाडी कायले इकता? टायर बदलवा.”

“मागचा जास्त झिजलाय. तो बदलते, पुढचा वर्षभर चालेल.”

“मांगचा घसरला तं मानूस सावरते, ताई. पुढचा घसरला तं पडल्यावरच समजते.” त्या दिवसापासून मी म्याडमची ताई झाले.

पुढचा टायर निवडायला त्यांनी पाऊण तास घेतला. पहिला टायर त्यांनी फिरवून कडेचे चार आकडे वाचले. कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला, ते त्या चार आकड्यांत असतं, हे मला तेव्हा कळलं. “हा चार वर्ष दुकानात झोपून राह्यला. रबर कडक झालं,” म्हणून त्यांनी स्वतःच्याच दुकानातला माल बाजूला टाकला. दुसरा रुंद होता, माझ्या बारीक रिमला नको. तिसरा पसंत पडला. आडव्या खाचा खोल, पावसाचं पाणी बाहेर टाकणाऱ्या. टायरवरचा बाण कोणत्या दिशेला हवा ते मला दाखवून त्यांनी तो बसवला आणि बजावलं, “पयले शंभर किलोमीटर दमानं. नवा टायर तेलकट असते.” मी ते वहीत लिहिलं. माझ्या गाडीची वही आहे. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, हवा. त्यांना ती वही फार आवडायची.

सगळ्यांचं ते असं मन लावून ऐकत नसत. एकदा एका तरुणाला बटण टायर हवे होते, डोंगरातल्या शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे मोठ्या गोट्यांचे.

“कुठं चालवतो?” चाचांनी विचारलं.

“कॉलेज ते घर. पन दिसते मस्त, चाचा.”

“मंग गाडी घरी उभी ठेव, दिसत राहीन. डांबरावर त्या गोट्याच टेकतात, बाकी टायर हवेत. ब्रेक मारशीन तं कायच्या भरवशावर?”

तो दुसऱ्या दुकानात गेला. चाचांनी त्याचं वजन तेवढं विचारून ठेवलं.

त्यांची खरी लढाई उन्हाळ्याशी असे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चढला की लोक टायरमधली हवा कमी करतात. गरमीने हवा फुगेल आणि टायर फुटेल, ही समजूत. माझे वडीलही तेच करायचे. चाचा प्रत्येकाशी भांडायचे. “कमी हवेचा टायर रस्त्यावर मळल्यावानी होते. मळून मळून तापते, अन् तापला की जाते. उन्हानं नाई, तुमच्या कंजुषीनं फुटते तो.” साखळीच्या झाकणावर चिकटवलेला कंपनीचा आकडा ते बोट ठेवून वाचायला लावत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या कामात वजनकाटा महिन्याला तपासावा लागतो. पाण्याची मोजलेली बाटली ठेवून बघायची, काटा खोटा असेल तर सगळी लेकरं कागदावर खोटी होतात. तो तपासताना सहज मनात आलं, चाचांचा काटा कोण तपासतं? मी यवतमाळहून एक छोटा मीटर आणला. सकाळी गार टायरला लावला. आदल्या संध्याकाळी चाचांनी भरलेले तीस होते. माझ्या मीटरने चोवीस दाखवले.

मी दुकानात गेले आणि दोन्ही आकडे सांगितले. चहावाला गणपत म्हणाला, “ताई, तुमचा मीटर चायना असन.”

चाचा हसले नाहीत. त्यांनी एकाच टायरला दोन्ही मीटर लावून पाहिले. मग हायवेवरच्या ट्रकच्या टायरवाल्याकडे आणि तिथून पेट्रोल पंपावर, असे आम्ही दोघं गेलो. दोन्हीकडचे मीटर माझ्या बाजूने बोलले. चाचांचा मीटर सहा पौंड जास्त दाखवत होता. म्हणजे जो माणूस उन्हाळाभर कमी हवेविरुद्ध भांडत होता, तोच सगळ्यांना सहा पौंड कमी भरून पाठवत होता.

“फरशीवर पडलता हातातून,” ते हळूच म्हणाले. “चारेक दिवस झाले असन.”

मी वही उघडली. गाडीचं अ‍ॅव्हरेज बारा दिवसांपूर्वी बासष्टवरून अठ्ठावन्नवर आलं होतं. मी पेट्रोलला दोष दिला होता. मी ती ओळ त्यांना दाखवली.

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. “वही कायले खोटं बोलन. बारा दिवस.”

“जे येतीन त्याईले सांगजा, चाचा,” गणपत म्हणाला. “बोभाटा कायले करता? उद्या कोनी हवा भराले येनार नाई.”

“येतीन तोवर ते गाड्या चालवनार नाईत काय?” चाचांनी छपराला लावलेली फळी आडवी केली. दुकान बंद. “ताई, कागद काढा.”

मला वाटलं नावं सांगतील. त्यांना नावं माहीतच नव्हती. ते डोळे मिटून वजनं सांगू लागले. पंचाण्णव किलो, गुरुजी, मागे कोणी नाही. साठ आणि पन्नास, नवं लग्न, बाई एका बाजूला पाय टाकून बसते. दुधाच्या दोन कॅना, पुढचा ब्रेक कडक. सत्तर किलो आणि मागे जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची भांडी साठ किलो, बाजार-बाजार फिरतो. बारा दिवसांची चौतीस ओझी त्या माणसाच्या डोक्यात होती.

नावं लावायचं काम माझं. मी माझ्या सेविकांच्या मोबाइलवरच्या गटात यादी टाकली. पाच मिनिटांत उत्तरं सुरू झाली. “पंचाण्णव किलोचे गुरुजी म्हंजे आमच्याच शाळेचे, म्याडम. त्याईले वजन सांगू नका, ते ब्याऐंशी सांगतात.” दुपारपर्यंत एकवीस नावं लागली. चाचा मात्र एकाच ओळीवर अडले होते. भांडीवाला. “एकशेतीस किलो अन् उनाचा रस्ता. तो पयला पायजे.”

त्याचं नाव देवराव निघालं. फोन लागत नव्हता. तो त्या दिवशी मुकुटबनच्या बाजाराला गेला होता. मी चाचांना म्हटलं, “बसा मागे.”

ते बसले नाहीत. त्यांनी पायपंप पिशवीत टाकला, माझा मीटर हातात घेतला आणि माझ्याच मागच्या टायरशी बसले. “माहं वजन बावन्न. मांगं पस्तीस पायजे.” पस्तीस भरल्यावरच ते गाडीवर चढले.

झरीच्या पुढे एका कडुनिंबाखाली देवराव भांड्यांच्या डोंगरासह पाणी पीत उभा दिसला. चाचा गाडी थांबण्याआधीच उतरले आणि त्याच्या मागच्या टायरला हात लावला. हात लगेच मागे घेतला.

“चाचा, तुमी इतक्या दूर काहून आले बापा?” देवराव म्हणाला.

“माहा मीटर खोटा होता. तुले हवा कमी देल्ली मी. चूक माही हाय. गाडी हालवू नको.”

“मंग भरा न पटकन. बाजार निंघून चालला.”

“गरम हाय. थंडा होऊ दे.”

देवराव माझ्याकडे वळला. “म्याडम, ह्या मानसाले सांगा काही. चूक याईची, अन् बसाचं मी?”

“मीही बसलेय,” मी म्हटलं. “माझी तर मीटिंग गेली होती.”

तासभर आम्ही तिघं कडुनिंबाखाली बसलो. देवराव बाजारावरून कुरकुरला, चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग टायर पुन्हा हाताने तपासला, पंप लावला, मीटर बघितला, अजून भरला. निघताना देवराव म्हणाला, “आता गावभर सांगतो, चाचाचा मीटर खोटा हाय म्हनून.”

“सांग,” चाचा म्हणाले. “ज्यानं ज्यानं भरली त्याले तेच तं सांगाचं हाय.”

नऊ दिवस ते रोज सकाळी निघत. कधी माझ्यामागे, कधी एसटीने, पंप खांद्यावर. तेहतीस ओळी कापल्या गेल्या. एक उरली. लाल गाडी, साठ-पासष्ट किलो, हँडलला निळी पिशवी, मागे म्हातारी. तो कोणत्या गावचा, कोणालाच माहीत नव्हतं. चाचा त्यानंतर प्रत्येक लाल गाडी हात दाखवून थांबवत. दुकानाची गर्दी पंधरा दिवस ओसरली, मग होती तशी झाली. पण ती ओळ तशीच राहिली.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. गणपतने खूप समजावलं, हाताला सवय आहे, अंदाजाने भरा. “काटे मले दोन दिसतात,” चाचा म्हणाले. “अंदाजानं भराची तं चाळीस वर्ष मीटर कायले गळ्यात घातला?” मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी ती यादी घडी घालून माझ्या हातात दिली. “हा एक राह्यला, ताई. तुमी फिरता. पाहजा.”

या पौषात ते गेले. यादी माझ्या वहीत आहे, तेहतीस ओळी कापलेली.

परवा झरीच्या फाट्यावर एक लाल मोटारसायकल दिसली. मागे नऊवारीतली म्हातारी, हँडलला पिशवी, पण पिवळी. मी हात दाखवून थांबवलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पांढरकवड्याला हवा भरली होती का, विचारलं. तो म्हणाला, तेव्हा ही गाडीच नव्हती त्याच्याकडे. तो निघायच्या बेतात होता.

“दादा, वजन किती तुमचं?” मी विचारलं.

त्याने माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मी त्या दिवशी चाचांकडे पाहिलं होतं. मी पेटीतून माझा मीटर काढला आणि खाली बसून त्याच्या मागच्या टायरला तळहात लावला.

“गरम आहे,” मी म्हटलं. “अर्धा तास बसा.”