एक्सपायर झाल्या

"अहो, तारीख नीट बघा ना. पुढच्या वर्षापर्यंत चालतात या," आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचा मेडिकलवाला सांगत होता. काउंटरवर इंजेक्शनच्या तीन बाटल्या मांडून वसंतराव त्याच्याशी भांडत होते. कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणारा हा माणूस. त्यांची बायको सुमनताई, हृदय कमजोर झाल्यामुळे आठवडाभर आमच्या आयसीयूत होत्या. मी तिथे मेडिसिनची प्रोफेसर.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, ही इंजेक्शनं घेऊन वर गेलो, तर त्या डॉक्टर मुलीने सांगितलं, 'सॉरी काका, एक्सपायर झाल्या.' म्हणून बदलून घ्यायला आलो."

मी बाजूला होऊन आयसीयूत फोन लावला. सुमनताई वीस मिनिटांपूर्वी गेल्या होत्या.

'एक्सपायर' हा आमचा रोजचा शब्द. पेशंट गेला, असं म्हणायचं आम्ही टाळतो. इंग्रजीत म्हटलं की तोंड भाजत नाही.

मी त्यांना बाकावर बसवलं. "वसंतराव, औषधाचं नाही. सुमनताई गेल्या."

ते हातातल्या बाटल्या पिशवीत भरत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी इथे तारखा बघत होतो, आणि ती वर एकटी..."

"हो." मी त्यांना वर घेऊन गेले.

सांगणारी मुलगी ईशा. इंटर्न, म्हणजे परीक्षा पास होऊन वर्षभर वॉर्डात काम शिकणारी. तिला केबिनमध्ये बोलावून मी झापलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे कसं सांगायचं, याचे तास होते आम्हाला. तुम्ही ते रिव्हिजनला घेतलेत."

खरं होतं. नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी, नातेवाइकांशी बोलायला शिकवणारे तास आहेत. मला ते फॅड वाटायचं. मुलांनाही पुढच्या प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवायचे असायचे. "मोबाइलवर वाढलेली पिढी, माणसाशी बोलता येत नाही," असं स्टाफरूममध्ये चहा पिताना मीच म्हणायचे.

महिन्याने आम्ही दोघी वसंतरावांच्या घरी गेलो. ईशाने माफी मागितली. "बस, बाळ. तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. ती रडली. मी धीर करून विचारलं, "वर्गात येऊन मुलांना हे सांगाल का?"

"नाही." ते माझ्याकडे वळले. "तिच्याजवळ असायचं सोडून मी दुकानात भांडत होतो. हे शंभर पोरांसमोर सांगू? शिकवायचं काम तुमचं ना, मॅडम? मग शिकवा."

आता ते तास मी स्वतः घेते. एकाने डॉक्टर व्हायचं, दुसऱ्याने नातेवाईक. मुलं आधी हसतात. पाचेक मिनिटांत हसणं थांबतं.

या मुलांना बोलता येत नाही, हे काही खरं नव्हे. ईशाच्या त्या वाक्यातलं 'सॉरी काका' तेवढं तिचं होतं. बाकीचं तिने राउंडवर माझ्याच तोंडून ऐकलेलं.