वरच्या खुणेच्या वर

व्हॅनवाल्याला सगळे जपूनकाका म्हणत, कारण माणूस व्हॅनमध्ये चढो की उतरो, त्याच्या तोंडून आधी "जपून" हाच शब्द निघायचा. भित्रा तर असा, की घरातून निघताना गॅस बंद आहे ना हे तीनदा बघायचा आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. "तुम्ही झोपेतसुद्धा ब्रेक दाबता," असं बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं. लाथा तिलाच बसायच्या.

पण त्याचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आठवड्यातून तीनदा तो चार पेशंटांना डायलिसिसला न्यायचा आणि घरी आणून सोडायचा. चौघांच्याही किडन्यांनी हात टेकलेले. एखादी खेप चुकली तर त्यांच्या जिवावर बेतलं असतं. गाडी वाटेतच बसली तर? ही भीती त्याची पाठ सोडत नसे. फार पूर्वी तेल संपून त्याच्या टॅक्सीचं इंजिन भर रस्त्यात जॅम झालं होतं. तेव्हापासून रोज सकाळी इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघितल्याशिवाय तो चावीला हात लावत नसे.

त्या महिन्यात गल्लीतली सपाट जागा पाइपासाठी खणली गेली आणि व्हॅन उतारावर लावावी लागली. पहिल्याच सकाळी पट्टीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली. काकाने वाकून गाडीखाली पाहिलं. थेंबभरही सांडलेलं नव्हतं. म्हणजे इंजिनच तेल खातंय, असं ठरवून त्याने अर्धा लिटर ओतलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा कमीच. तिसऱ्या आणि चौथ्याही. उतारावर गाडी कलते, तेल एका बाजूला जातं आणि पट्टी खोटं दाखवते, हे या शहाण्याला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण भीती एकदा डोक्यात शिरली की ठाऊक असलेलं आठवतं कुठे!

गंमत म्हणजे हाच माणूस पेशंटांच्या प्रत्येक घोटावर डोळा ठेवायचा. "शिंपीदादा, किती प्यायलात? पाणी जास्त झालं की छातीत भरतं, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मग शिंपी गुपचूप बाटली सीटखाली सरकवायचा.

पाचव्या दिवशी दुपारी परतताना चढावर व्हॅनच्या मागून निळसर धुराचे लोट निघाले. काकाने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. तरी इंजिनचा आवाज चढतच गेला. पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. त्याने चावी फिरवली, उपसून हातात घेतली. इंजिन चालूच, किंचाळत. चावी तशीच मुठीत धरून तो मागे वळला.

"उतरा!" तो कसाबसा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच तो जपून म्हणाला नाही.

शिंपी आणि दोघे जण एकमेकांना धरून, लटपटत उतरले. राहिल्या बाई. त्या निवृत्त शिक्षिका, एक पाय गुडघ्याखाली नाही, आणि चाकाची खुर्ची मागे धुरात. काकाने त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण हातात जीवच उरला नव्हता.

"मला सोडा! आधी ती बंद करा!" बाई ओरडल्या.

पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं, आणि ते त्याने पुढे कुणापासून लपवलं नाही. पण बाईंना टाकून पाय उचलेना. मग तो पुन्हा स्टिअरिंगमागे बसला. पूर्वी ट्रकवर क्लीनर असताना उस्तादांना, म्हणजे मुख्य ड्रायव्हरला, एकदाच करताना पाहिलं होतं, ते त्याने केलं: क्लच दाबून सगळ्यात वरचा गिअर टाकला, ब्रेकवर सगळं अंग टाकलं आणि क्लच झटक्यात सोडला. व्हॅनने आचका दिला आणि इंजिन मेलं. मागे बाईंचा श्वास ऐकू येत होता.

मेकॅनिक आला. त्याने व्हॅन आधी सपाटीवर घेतली आणि मग पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर.

"एवढं कुणी ओतलं?" तो खेकसला. "जास्त तेल आत घुसळून फेस होतो, हवेच्या नळीतून वर चढतं, आणि डिझेल इंजिन तेच जाळत सुटतं. मग चावी काढून काय उपयोग? अजून थोडा वेळ चाललं असतं तर फुटून तुकडे बाहेर आले असते."

फुटपाथवर चौघं बसली होती. नेहमीच्या गॅरेजवाल्याने जास्त ओतलं, असं सांगून काकाला हात झटकता आले असते.

"मी ओतलं," काका म्हणाला. "रोज. घाबरून."

"आणि आमचं पाणी मोजत होतात!" शिंपी म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण हसू आलं नाही.

"दुसरा ड्रायव्हर बघा. माझ्याच्याने आता होणार नाही. तुम्हाला मागे बसवून गाडी सुरू करायची म्हटलं तरी माझे हातपाय गळतील."

"सुई टोचायला नर्स आली की मला दर वेळी घाम फुटतो," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. आज त्या खाटेवरून उठेन की नाही, हे मनात येतंच. न घाबरता मी तिथे एकदाही गेलेले नाही."

"मग कशा जाता?"

"कशी जाणार? तुम्ही सहाला हॉर्न वाजवता आणि मी दार उघडते. परवाही वाजवा."