नथ्थूजींचा उतरायचा दगड

"माहा गोटा कोणं नेला बे? मी आता उतरू कसा?"

ओरडत ओरडत नथ्थूजी सायकलवरून चौकातून गेले. मी डांबराच्या पिंपाजवळ उभा होतो. वाटलं, जत्रेच्या गर्दीला शिव्या देताहेत. एवढ्यात चौकाला वळसा घालून ते परत आले. ओरडणं तेच.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी यवतमाळ जिल्ह्यात ओव्हरसिअर होतो, म्हणजे रस्ता उखडला की पहिल्या शिव्या खाणारा सरकारी माणूस. गाव देवस्थानाचं. नाव सांगत नाही. तिथं मला अजून ओळखतात. जत्रेला नागपूरपासून माणसं, बैलांच्या दमण्या, मोटारी अशा लोटत की डोक्यावरून पडलेली टोपी जमिनीला टेकत नसे, डोक्याडोक्यांवरून थेट वर्ध्याला पोचे.

जत्रेआधी आमच्या डेप्युटी साहेबांचा हुकूम आला. "पाहुण्यांना रस्ता मोकळा पाहिजे. एन्क्रोचमेंट काढा!" एन्क्रोचमेंट म्हणजे सरकारी रस्त्यावर दुसऱ्या कुणीही बूड टेकणं. मी जोशात सगळ्यांचे ओटे काढले, पायऱ्या काढल्या, चौकातला मांडीएवढा काळा दगडही काढला. फोडून त्याची गिट्टी केली, त्याच रस्त्यात घातली, वरून रोलर फिरवला. साहेब खूश.

तो दगड तिथं कशाला आहे, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. पायी बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या डोक्यावरची पाटी त्यावर टेकवून दम घेत. आणि नथ्थूजी त्यावर पाय ठेवून सायकलवरून उतरत. हा गडी सत्तरी ओलांडल्यावर सायकल शिकलेला. सायकल घेतली ती एका ताडमाड पोस्टमनची. सीटवर बसले की पाय अधांतरी. पेडल वर आलं की भेटे, खाली गेलं की त्याची वाट पाहायची. घरच्या ओट्यावरून चढायचं, चौकातल्या दगडावर उतरायचं. घरचा ओटाही मी काढला होता, म्हणून त्या दिवशी शेजाऱ्यांनी उचलून वर बसवलं होतं. मधे थांबणं हा प्रकार नाही. वर हँडलला दुधाच्या दोन चरव्या.

"नथ्थूजी, ब्रेक लावा!" मी ओरडलो.

"ब्रेकनं सायकल थांबते, साहेब! मी पडतो!"

माझ्या गँगमधले दोघं धरायला धावले. म्हातारा घाबरून दुप्पट जोरात सुटला. "हात नोका लावू! दूध सांडन!"

तोवर बाहेरगावच्या पाहुण्यांचं लक्ष गेलं. नारळ घेतलेल्या एका बाईनं हात जोडले. "नवसाच्या फेऱ्या दिसतात. किती बोलले, बाबा?"

"गोटा भेटेपर्यंत!"

"पाहा, याला म्हणतात श्रद्धा!"

मग काय! बाई मागं पळू लागली, तिचा नवरा पळू लागला, तमाशाच्या तंबूतला ढोलकीवाला वाजवत मागं लागला. कुणीतरी चालत्या सायकलवर हार फेकला, तो बरोबर नथ्थूजींच्या डोळ्यांवर बसला. अर्धी जत्रा म्हाताऱ्यामागं आणि देव बिचारा एकटा देवळात.

पण मला दिसत होतं, नथ्थूजींचे पाय लटपटायला लागले होते. हाडं जुनी, डांबर नवं. टेकायला एक ओटा मी गावात शिल्लक ठेवला नव्हता.

"साहेब, तुमीच वाका!" हाराच्या आतून आवाज आला.

"मी?"

"मंग? गोटा कोणं नेला?"

मी चौकात दोन हात दोन गुडघे टेकून ओणवा झालो. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली.

"ओव्हरसिअर कुठंय?"

"इथं आहे साहेब. खाली."

"काय चाललंय हे?"

"दगडाची ड्यूटी करतोय, साहेब."

तेवढ्यात पाठीवर नथ्थूजींचा पाय पडला. माणूस मूठभर, पण पाय असा की माझी उंची तेव्हा दोन बोटं कमी झाली ती अजून भरून आलेली नाही. नथ्थूजी उतरले. दुधाचा थेंब सांडला नाही. त्या बाईनं नारळ फोडला तो माझ्यासमोर.

साहेबांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दुसरा दगड बसवा."

"एन्क्रोचमेंट होईल साहेब."

"होऊ द्या. सरकारी माणूस रोज असा बसलेला बरा नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी दगड बसवला. चुना सुकायच्या आत एका म्हातारीनं पाटी टेकवली आणि मला बजावलं, "आता हा नेशीन तं पाह्य!" तेव्हापासून रस्त्यावरचं काहीही उपटण्याआधी मी तिथं सकाळभर नुसता उभा राहून बघायचो. पाठीच्या दृष्टीनं ते स्वस्त पडतं.

जत्रेच्या संध्याकाळी मलम लावलेल्या पाठीनं मी नथ्थूजींना विचारलं, "मी वाकलो नसतो तर काय केलं असतं हो?"

"सीधा राळेगावले गेलो असतो, आठ कोस," ते म्हणाले. "तिथं लेकीच्या दारात ओटा आहे."